फैजपूर ते हरिपुरा : सार्वजनिक कलेच्या मांडणीचा एक धडा

कलेचें प्रदर्शन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, चौकटींत बसविलेलीं चित्रें आणि हलक्या पावलांनीं फिरणारे मूठभर रसिक उभे राहतात. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. देवळाची भिंत, उंबऱ्यापुढची रांगोळी, जत्रेंतील पालखी, हींच आमच्या पूर्वजांचीं कलादालनें होतीं. अलीकडे महाविद्यालयें, नगरपालिका व हौशी मंडळें पुन्हा रस्त्यावर, नदीकांठीं, बागेंत प्रदर्शनें भरवूं लागलीं आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु दालनांतलें चित्र उचलून उघड्यावर ठेवलें एवढ्यानेंच तें सार्वजनिक होत नाहीं. तें कोणासाठीं, कोणाच्या हातून, कोणत्या सामानाचें आणि किती काळ टिकण्यासाठीं, हे चार प्रश्न आधीं सोडवावे लागतात. ते विचारपूर्वक सोडविल्याचें एक ठळक उदाहरण आपल्या नजीकच्या इतिहासांत असून त्याचा एक महत्त्वाचा टप्पा खानदेशांतला आहे.

१९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. त्याच वर्षीं लखनौच्या अधिवेशनांत शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांनीं महात्मा गांधींच्या सांगण्यावरून कलाप्रदर्शन मांडलें होतें. फैजपुरास काम निराळें होतें. येथें प्रदर्शनापुरती एक मांडवी सजवावयाची नव्हती; टिळकनगर या नांवानें जी तात्पुरती वस्ती उठावयाची, तिचेंच रूप घडवावयाचें होतें. बांबू, लाकूड, गवत असें भोंवतालीं मिळणारें सामान घेऊन तें घडविलें गेलें. प्रदर्शनाच्या वेळीं केलेल्या भाषणांत गांधींनीं या मांडणीचें श्रेय वास्तुशिल्पी म्हात्रे आणि चित्रकार नंदलाल यांस दिलें. आपण केवळ कल्पना सांगितली, तिला आकार देणारे हे दोघे, असा त्यांचा आशय होता. ज्याला बांधकामाचें ज्ञान आहे तो आणि ज्याला डोळा आहे तो, असे दोघे आरंभापासून एकत्र बसले, ही फैजपूरची पहिली शिकवण. आपल्याकडे चित्रकाराला बोलावणें जातें तें मांडव उभा राहिल्यानंतर, उरलेली भिंत रंगविण्यासाठीं!

पुढें १९३८ च्या फेब्रुवारींत गुजराथेंत, तापीकांठच्या हरिपुरा येथें, सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालीं अधिवेशन भरलें. या वेळीं नंदलालांनीं हातकागदावर, मातीच्या रंगांचा ठसा असलेलीं, जाड व वेगवान रेषेचीं ऐंशींहून अधिक चित्रें काढलीं. ढोलकी वाजविणारा, मल्ल, पिंजारी, कुंभार, धान्य कांडणारी स्त्री, असे त्यांचे विषय. तीं एखाद्या बंद दालनांत न ठेवतां प्रवेशद्वारीं व निरनिराळ्या राहुट्यांत लावलीं गेलीं. हीं चित्रें सुमारें दोन फूट उंचीचीं. पुष्कळांभोंवतीं कमानीची सोपी चौकट रंगविलेली. पाहणारा चालतां चालतां, दुरून, क्षणभर पाहणार, हें ध्यानीं धरलें म्हणजे त्या जाड रेषेचें व मोजक्या रंगांचें मर्म कळतें. तो उणेपणा नसून वाटसरूच्या नजरेचा हिशेब होय. बारीक रेषेची नजाकत नंदलालांस साधत नव्हती असें थोडेंच आहे!

याहूनही बोधप्रद आहे ती कामाची वांटणी. कलाभवनाच्या विद्यार्थ्यांनीं या मूळ चित्रांच्या नकला केल्या आणि एकूण संख्या चारशेंच्या घरांत गेली. नक्कल हा शब्द आज हलका झाला आहे. परंतु गुरूची रेषा पुन्हा ओढतांना शिष्याचा हात जें शिकतो, तें शंभर व्याख्यानांनीं शिकवितां येणार नाहीं. आणि एका हाताला न पेलणारें नगर अनेक हातांनीं सजतें. प्रदर्शन हीच पाठशाळा ठरली. प्रदर्शन म्हणजे वर्षभराच्या अभ्यासानंतर बक्षिसासाठीं मांडलेला बाजार, ही आपल्या महाविद्यालयांतली समजूत याच्या अगदीं उलट आहे.

तथापि या इतिहासाची केवळ आरती ओवाळून आम्ही थांबूं इच्छित नाहीं. हरिपुऱ्याच्या चित्रांत खेडूत दिसतो. परंतु तीं काढणारा हात शांतिनिकेतनचा होता. गांवकरी विषय झाला, कर्ता झाला नाहीं. नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांचीं नांवेंही सामान्य वाचकाच्या ओठीं नाहींत. शिवाय नगर उठलें आणि चित्रें गेलीं. आज त्यांतलीं कित्येक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत जपलेलीं आहेत. २०१९ सालीं व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतही तीं झळकलीं. वाटसरूसाठीं काढलेलें चित्र अखेर कांचेआड जाऊन बसावें, हा दैवाचा एक विनोदच होय.

या उणिवेवरचें उत्तरही शांतिनिकेतनच्याच परिसरांत सांपडतें. १९२८ मध्यें रवींद्रनाथांनीं तेथें वृक्षारोपणाचा व श्रीनिकेतन येथें हलकर्षणाचा उत्सव सुरू केला. झाड लावणें व नांगर धरणें हाच विधि. अल्पना, गीत व मिरवणूक हें त्याचें अंग. पुढें १९३० च्या सुमारास नंदलालांनीं विद्यार्थ्यांसह श्रीनिकेतनच्या भिंतीवर हलकर्षणाचेंच चित्र रंगविलें. त्याच दशकांत विद्यार्थ्यांनीं आपल्या राहत्या मातीच्या घरावर उठावाचीं शिल्पें घडवून वरून डांबर दिलें. तें ‘कालो बाडी’ म्हणजे काळें घर. आणि १९३८ मध्यें रामकिंकर बैज यांनीं त्याच भूमींतील खडी सिमेंटांत मिसळून संथाळ कुटुंबाची मूर्ति उघड्यावर उभी केली. येथें कर्ता, कृति व जागा यांचा संबंध चार दिवसांचा नाहीं. भिंतीला तडा गेला तर ती सांधावयाची कोणी, हा प्रश्न तेथें राहणाऱ्यालाच पडतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका गांवीं नदीरक्षणाचें विद्यार्थीप्रदर्शन पाहिलें. कल्पना उत्तम, मुलांचा उत्साह अपूर्व. परंतु फलक थर्माकोलचे होते, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांचे तुकडे त्याच नदीच्या पात्रांत तरंगतांना दिसले. नदीवर कपडे धुणाऱ्या बायांस, मासे धरणाऱ्यांस कोणी एक शब्दही विचारला नव्हता. दोष मुलांचा नव्हे, योजकांचा. सामान कोठून आणावें व शेवटीं तें कोठें जावें, हा विचार चित्राच्या विषयाइतकाच चित्राचा भाग आहे, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

म्हणून अशा प्रदर्शनाची आंखणी करणाऱ्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. प्रथम जागेवर जाऊन बसा; तेथून कोण, कोणत्या वेळीं, किती घाईनें जातो तें पाहा. जागेच्या धन्यांस, म्हणजे तेथें वावरणाऱ्यांस, प्रेक्षक करण्यापूर्वीं भागीदार करा. सामान भोंवतालचें घ्या. विद्यार्थ्यांचीं नांवें प्रमुख पाहुण्यांच्या नांवाआधीं लिहा. आणि मांडव उतरविण्याचा दिवस उद्घाटनाच्या दिवसाबरोबरच ठरवा. फैजपूरचें टिळकनगर आज उभें नाहीं, आणि तें उभें राहावें म्हणून बांधलेंही नव्हतें. परंतु बांबू व गवत मातीला मिळालें तरी तिला ओझें होत नाहीं, एवढी सभ्यता त्या नगरांत होती. आमच्या प्रदर्शनांत ती आली तरी पुष्कळ झालें.