संत्रं, संतरा, ऑरेंज : जोडीचे पत्ते आणि दोन भाषांत वाढणारी मुलं

मागच्या पावसाळ्यात प्रताप नगरच्या माझ्या दवाखान्यात एक आई अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आई मराठी, वडिलांच्या घरी हिंदी आणि प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. म्हणजे आपल्याकडचं अगदी नेहमीचं घर. प्लेस्कूलने तिला सांगितलं होतं की मुलाला फक्त ११ शब्द येतात, जास्त भाषांमुळे त्याचा गोंधळ उडतोय, आता घरीसुद्धा इंग्रजीच बोला. त्याच आईच्या पिशवीत पत्त्यांचा एक डबा होता. द्विभाषिक मेमरी गेम, २४ जोड्या. एका पत्त्यावर संत्र्याचं चित्र आणि खाली 'ऑरेंज', दुसऱ्यावर तेच चित्र आणि खाली 'संतरा'. दोन भाषांमुळे मुलाचा मेंदू तल्लख होतो, असं डब्यावर छापलेलं.

एकाच आठवड्यात या माउलीला दोन उलट गोष्टी ऐकाव्या लागल्या होत्या. दोन भाषांनी मूल मागे पडतं आणि दोन भाषांनी मूल हुशार होतं. तिने मला विचारलं, "डॉक्टर, नक्की कुणाचं ऐकू?" उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं, कारण या दोन्ही समजुती बऱ्याच जुन्या आहेत.

आधी खेळाचं बघू. पत्ते पालथे मांडायचे, एका वेळी दोन उलटायचे, जोडी जुळली तर आपली. जपानमध्ये याचा एक जुना आणि फार देखणा नातलग होता, 'काइ-आवासे'. त्यात शिंपल्यांचे दोन भाग वेगळे करून मांडत आणि त्यांच्या जोड्या शोधत. शिंपल्याचा एक भाग त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या भागालाच नेमका बसतो, त्यामुळे फसवाफसवीला जागाच नाही. इंग्लंडमध्ये पत्त्यांच्या या खेळाला 'पेलमनिझम' हे नाव पडलं. पेलमन इन्स्टिट्यूट ही लंडनची संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्मरणशक्ती वाढवण्याचे पाठ पोस्टाने विकत असे. म्हणजे 'हा खेळ खेळा, डोकं तेज करा' ही जाहिरातबाजी आपल्या मोबाइलमधल्या ॲपने शोधलेली नाही. आज ज्या रूपात तो मुलांच्या हाती येतो, ते चौकोनी पुठ्ठ्यांचं रूप रूढ केलं जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्गर कंपनीने. १९५९ साली तिने 'मेमरी' या नावाने तो बाजारात आणला.

जोड्या लावण्याचा खेळ शिक्षणाचं साधन म्हणून आपल्याकडे त्याआधीच पोचला होता. माँटेसरी पद्धतीत रंगांच्या पट्ट्यांच्या जोड्या असतात आणि हलवल्यावर सारखा आवाज करणाऱ्या डब्यांच्याही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत भावनगरला आपल्या मातीत रुजवली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. वारली मुलं घरी वेगळी बोली बोलत, बालवाडीत मराठी. दोन भाषांत वाढणारी मुलं आणि हातात शिंपले! त्यासाठी त्यांना कुणाचा डबा विकत घ्यावा लागला नाही.

आता दुसरा धागा, भीतीचा. १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे १४०० शाळकरी मुलांच्या बुद्धीची मापं प्रसिद्ध केली. घरी वेल्श आणि शाळेत इंग्रजी असलेली खेड्यांतली मुलं, फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा मागे दिसली. शहरात मात्र असा फरक जवळजवळ दिसला नाही. दोष भाषांचा असता तर तो शहराच्या वेशीवर थांबला नसता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते पहिलंच वाक्य. १९२६ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी तर स्थलांतरितांच्या घरात परकी भाषा बोलली जाणं हेच बौद्धिक मागासलेपणाचं एक मुख्य कारण असू शकतं, असं लिहिलं. गरिबी, शाळेची अवस्था, परीक्षा मुलाच्या कमजोर भाषेत घेतलेली असणं, या कशाचाच नीट हिशेब नव्हता. तरी या अभ्यासांतून निघालेला सल्ला शंभर वर्षं फिरत फिरत आज प्रताप नगरच्या प्लेस्कूलपर्यंत येऊन पोचला आहे. चुकीचा सल्ला बरोबर सल्ल्यापेक्षा जास्त चिवट असतो, हे आम्हा डॉक्टरांना अनुभवाने माहीत आहे.

त्याच काळात आपल्याकडे एक शहाणपणाचं काम झालं, त्याचं नाव फार कमी घेतलं जातं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी धारवाड भागातल्या मुलांसाठी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत बसवली. मूल परक्या भाषेत अडखळलं म्हणून त्याला मंद ठरवू नये, ही साधी गोष्ट त्यामागे होती. आकडे ऐकून परत म्हणणं, वाक्य ऐकून तसंच म्हणणं, असे स्मरणाचे प्रश्नही तिच्यात आहेत. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. (इतक्या जुन्या निकषांवर आजच्या मुलांना मोजणं कितपत बरोबर, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आणि नागपूर? १९५६ पर्यंत हे शहर ज्या प्रांताची राजधानी होतं, त्यात मराठी आणि हिंदी शेजारी नांदत. राज्यं बदलली, पण शहराची जीभ तशीच राहिली. आपल्याकडचा भाजीवाला एका गिऱ्हाइकाला 'सांबार' देतो, पुण्याहून आलेल्याला 'कोथिंबीर' आणि तिसऱ्याला 'धनिया', जुडी तीच. इथल्या कितीतरी पिढ्या दोन भाषांत वाढल्या आणि त्यांच्या डोक्याचा काही गोंधळ झालेला दिसत नाही.

भीतीची भिंत पडायला लागली १९६२ मध्ये. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी साधारण सारख्या आर्थिक परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं घेतली. फ्रेंच-इंग्रजी दोन्ही बोलणारी मुलं मागे तर नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. मात्र त्यांनी दोन्ही भाषांत पक्की असलेलीच मुलं निवडली होती, म्हणजे आधीच हुशार मुलं वेचली गेली असण्याची शक्यता उरतेच.

मला त्याहून आवडतो तो दक्षिण आफ्रिकेतला १९७२ चा प्रयोग. अनिता इआन्को-वॉरल यांनी लहान मुलांना विचारलं, 'कॅप' या शब्दाला जवळचा कोणता, 'कॅन' की 'हॅट'? हा जोड्या लावण्याचाच खेळ, फक्त पत्त्यांविना. एकच भाषा येणारी लहान मुलं बहुधा आवाजाने जोडी लावत, कॅप-कॅन. आफ्रिकान्स आणि इंग्रजी दोन्ही येणारी त्याच वयाची मुलं अर्थाने जोडी लावण्याकडे जास्त झुकत. एकाच वस्तूला दोन नावं असतात हे ज्याला घरातच कळलं, त्याला नाव आणि वस्तू वेगळी असते हे लवकर उमगतं.

माझ्या दवाखान्यातल्या मुलासाठी मात्र कळीचं संशोधन मायामीचं. १९९३ मध्ये बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या ८ ते ३० महिन्यांच्या बाळांचे शब्द मोजले. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले तर ही मुलं एकभाषी मुलांच्या बरोबरीने होती. १९९५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मुलाच्या शब्दांपैकी किती शब्दांना दुसऱ्या भाषेतली जोडी आहे? सरासरी तीसेक टक्के. बाकीचे शब्द एकाच भाषेत होते.

पत्त्यांचा डबा नेमका इथेच फसतो. प्रत्येक शब्दाला डोक्यात एक जुळा भाऊ आहे असं तो गृहीत धरतो. मूल तसं शिकत नाही. ज्या माणसासोबत जी वस्तू हाताळली, त्या माणसाचा शब्द त्या वस्तूला चिकटतो. 'वरण' आईकडून, 'चम्मच' दादीकडून, 'सर्कल' शाळेतून. एका भाषेच्या फूटपट्टीने मोजलं की उरलेलं मूल मोजमापाबाहेर राहतं.

मी आईला आठवडाभर वही ठेवायला सांगितली. मूल जो शब्द आपणहून, योग्य वस्तूसाठी म्हणेल तो लिहायचा, भाषा कोणतीही असो, उच्चार बोबडा असला तरी चालेल. प्लेस्कूलचे ११ शब्द तिच्या वहीत सगळे मिळून १८३ झाले. 'दूध दे', 'पापा गये' अशी दोन शब्दांची वाक्यंही होती. संत्र्याचा पत्ता मी त्याच्यासमोर धरला, तेव्हा तो ना 'ऑरेंज' म्हणाला ना 'संतरा'. म्हणाला, "तंतं." आजोबा सोलून देतात ते संत्रं. डब्यावर हा शब्दच नव्हता, त्यामुळे प्लेस्कूलच्या हिशेबात शून्य.

तरीही मी त्याची श्रवणतपासणी करून घेतलीच, आणि ती नॉर्मल आली. हा भाग कृपया नीट वाचा. दोन वर्षांच्या मुलाचे सगळ्या भाषांतले मिळून पन्नासही शब्द नसतील, किंवा ते दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर 'घरात दोन भाषा आहेत ना, म्हणून' असं म्हणून थांबू नका. दोन भाषांमुळे बहिरेपणा येत नाही आणि स्वमग्नताही येत नाही. पण या सबबीखाली वर्ष-दीड वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ते वर्ष परत मिळत नाही.

आता डब्यावरच्या दाव्याचं. २०१३ मध्ये हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. निष्कर्ष आशादायक आहे, पण तो आयुष्यभर भाषा वापरणाऱ्या माणसांबद्दल आहे, २४ जोड्यांच्या डब्याबद्दल नाही. मुलांपुरतं बोलायचं तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या साडेचार हजारांवर मुलांच्या पाहणीत दोन भाषांमुळे लक्ष आणि आत्मनियंत्रण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. 'मेंदूचे व्यायाम' विकणाऱ्या ल्युमॉसिटी या ॲपला २०१६ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. पेलमनच्या काळी असं कुणी विचारत नव्हतं.

मग पत्ते फेकून द्यायचे का? मुळीच नाही. फक्त हे लक्षात घ्या की अडीच वर्षांच्या मुलाला पत्त्याखालचं अक्षर वाचता येत नाही. ते चित्र आणि जागा लक्षात ठेवून जिंकतं, एकही शब्द न बोलता. भाषा येते ती समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली, तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा नाही. म्हणून ॲपपेक्षा पुठ्ठा बरा. चार-पाच जोड्यांनी सुरुवात करा, पत्ते आधी सुलटेच ठेवा. ज्याला जी भाषा सहज येते त्याने त्याच भाषेत बोलावं. मोडक्या इंग्रजीतल्या 'धिस इज ॲपल'पेक्षा 'अरे, हे सफरचंद बघ, काल आपण आणलं होतं ना, आंबट निघालं' यात मुलाला कितीतरी जास्त भाषा मिळते.

त्या आईने पत्त्यांखालची छापील नावं कागद चिकटवून झाकून टाकली. पुढच्या वेळी आली तेव्हा सांगत होती की अमरावतीची आजी राहायला आली आणि टोमॅटोचा पत्ता निघाला की 'भेदरं' म्हणते, दादी 'टमाटर' म्हणते, आणि तो दोघींना आळीपाळीने त्यांचा त्यांचा शब्द म्हणून दाखवतो.