दलदलीनं राखलेलं रान

पाऊल जपून टाका. चिखल घोट्यापर्यंत येतोय आणि थंड आहे. आज या जागी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहराचं रिकर्टन उपनगर आहे. तुम्ही मात्र सुमारे सहाशे वर्षं मागे, ओटाकारो नदीकाठच्या रानात उभे आहात. भोवती काहिकाटेआचे वृक्ष आहेत. त्यांची मुळं बुंध्यापाशी फळ्यांसारखी उभी राहून मऊ मातीत खोडाला टेकू देतात.

दूर धूर दिसतोय. माओरी लोक या बेटांवर तेराव्या शतकाच्या सुमारास आले आणि त्यांच्या आगींत कँटरबरीच्या कोरड्या मैदानावरचं बरंचसं जंगल जळून गेलं. तिथं आता गवत आणि झुडपं वाढतील. मोआ हा उडता न येणारा प्रचंड पक्षीही काही पिढ्यांत नाहीसा होईल. ती आग या दलदलीच्या कडेपर्यंत येते आणि ओल्या जमिनीशी विझते. हे रान आधी वाचलं ते पाण्यामुळे.

आता अठराव्या शतकात या. रानाला पुतारिंगामोतू म्हणतात. न्गाई ताहू या माओरी जमातीनं काय जपायचं, कधी काढायचं हे ऋतूंनुसार ठरवून घेतलंय. काहिकाटेआची फळं पिकली आहेत. एक उचलून पाहा. केशरी-लाल गरावर काळं बी बसलंय. खायला माणसांची लगबग आहे, तशीच केरेरू या रानकबुतरांचीही. पाण्याच्या डोणीवर फासे लावून ही कबुतरं पकडली जातात. ओढ्यात वेलींनी विणलेले सापळे टाकलेत, त्यांत ईल मासे येतात. काठावरच्या हराकेके या वनस्पतीच्या पातींपासून दोर आणि जाळी होतात. न्गाई ताहूंच्या लेखी पाणथळ जागा म्हणजे भरलेलं कोठार.

१८४३. कुऱ्हाडीचा आवाज ऐका. विल्यम आणि जॉन डीन्स हे स्कॉटलंडचे भाऊ इथं घर बांधून शेती करू लागलेत. गावाकडच्या रिकर्टन परगण्याचं नाव त्यांनी या जागेला दिलंय. १८४६ मध्ये ते माओरींकडून जमीन भाडेपट्ट्यानं घेतात. दोनच वर्षांनी, १८४८ च्या केम्प करारात, इंग्रज सरकार न्गाई ताहूंकडून सुमारे दोन कोटी एकर जमीन अवघ्या २,००० पौंडांना घेतं. त्यांच्या अन्नाच्या जागा राखून ठेवण्याचं दिलेलं वचन पाळलं जात नाही. त्या अन्यायाची तड लागायला १९९८ साल उजाडेल.

१८५० च्या डिसेंबरात वसाहतवाल्यांची जहाजं लिटलटन बंदराला लागतात. आता चर खणले जातात, पाण्याचा निचरा होतो, मेंढ्या चरू लागतात, नदीकाठी विलो उभे राहतात. नदीलाही एव्हन हे नवं नाव मिळालंय. लाकडाची गरज अमाप. या रानाचा मोठा भाग काही वर्षांत करवतीखाली जातो. देशभर काहिकाटेआचं हेच होणार आहे. त्याच्या लाकडाला वास नसतो, म्हणून परदेशी जाणाऱ्या लोण्याच्या पेट्या त्याच्याच होतील आणि जिथं झाडं होती तिथं गाई चरतील.

१८५४ मध्ये आजारी जॉन डीन्सच्या घरात या. विल्यम तीन वर्षांपूर्वी समुद्रात बुडून गेला आहे. जॉनच्या पत्नी जेन यांच्या मांडीवर लहान मुलगा आहे. उरलेलं रान राखावं, ही जॉनची शेवटची इच्छा. जेन यांनी ती जन्मभर पाळली. १९१४ मध्ये कुटुंबानं रान कँटरबरीच्या जनतेला दिलं आणि त्यासाठी खास कायदा झाला.

परत आजच्या काळात या. सभोवार घरं, रस्ते, मोटारी आहेत आणि मधोमध जेमतेम आठ हेक्टरचं रान. काही झाडं सहाशे वर्षांची, म्हणजे तुम्ही पहिल्यांदा चिखलात उतरलात तेव्हा रोपं होती ती. भोवतीचं कुंपण उंदीर, मांजर, पॉसम यांना आत येऊ देत नाही. हे सगळे माणसांबरोबर आलेले शत्रू. रानातले पक्षी त्यांच्यासाठी तयार नव्हते.

या वाटेनं चालत आल्यावर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. माओरींनी आगी लावल्या आणि ओलं रान सांभाळून वापरलंही. युरोपीयांनी पाणी काढून घेतलं, झाडं तोडली, आणि त्यांच्यातल्याच एका घरानं उरलेलं वाचवलं. त्यामुळे एकाला खलनायक आणि दुसऱ्याला संत ठरवून इथला हिशेब जुळत नाही. जी राखण दलदल शतकानुशतकं फुकट करत होती, ती आता कायदा, कुंपण आणि माणसांचे पगार लावून करावी लागते. ओल्या जमिनीला पडीक समजून बुजवणाऱ्या प्रत्येक शहरानं हा खर्च आधी मोजावा, कारण नंतर तो मोजूनही गेलेलं रान परत मिळत नाही.