कोयता
कोयता हे टोकाशी आत वळलेले रुंद पोलादी पाते व लाकडी मूठ असलेले हत्यार होय. रत्नागिरी जिल्ह्यात कवळ तोडणे, झुडपे साफ करणे, सरपण फोडणे, शहाळी कापणे इत्यादी कामांसाठी तो वापरतात. रानात जाताना तो कमरेच्या आकडीत अडकवतात. निवड करताना पात्याची जाडी, वजनाचा तोल व मुठीचा घट्टपणा पाहतात. सैल मुठीतून पाते निसटून इजा होऊ शकते. लोहाराने दिलेले पाणी जास्त झाल्यास धार तुटते, कमी पडल्यास वळते. दमट हवेत गंज टाळण्यासाठी पात्यास तेल लावतात. केवळ शेती वा घरकामासाठी बनविलेली अवजारे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत येत नाहीत.