तारण कोणाचे? मध्य हिंदुस्थानातील एक जुना वाद

तारण पावणाऱ्यांची संख्या थोडीच असणार काय, असे एका मनुष्याने प्रभूला विचारले होते. प्रभूने संख्या सांगितली नाही. विचारणाऱ्यालाच अरुंद दाराकडे वळविले (लूक १३:२३-२४). आपल्या देशात हा प्रश्न सहसा निराळ्या रूपाने येतो. येथील जिज्ञासू स्वतःविषयी विचारण्याआधी आपल्या वाडवडिलांविषयी विचारतो. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडले नाही, त्यांची गती काय? दरवर्षी पितृपक्षात पूर्वजांचे स्मरण करणाऱ्या समाजात हा प्रश्न केवळ तर्काचा नसून जिव्हाळ्याचा आहे. खेडोपाडी जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकाला तो कधी ना कधी ऐकावा लागतो. म्हणून त्याचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे. आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग ग्वाल्हेरच्या आसपासच्या प्रदेशातच घडला आहे.

१८३९ साली कंपनी सरकारचे स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' हा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने त्यांनी खऱ्या धर्माच्या तीन कसोट्या मांडल्या: संस्थापकाचे अद्भुत सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता आणि सर्व मानवजातीसाठी असलेली व्यापकता. या ग्रंथास तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांपैकी बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन वगळता उरलेले दोघे मध्य हिंदुस्थानाशी निगडित असलेले महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. मराठी सत्तेबरोबर उत्तरेत स्थिरावलेल्या समाजाच्या विद्वत्तेची ही साक्षच होय.

पहिले उत्तर 'सोमनाथ' या नावाने १८३९ सालीच आले. हे सोमनाथ म्हणजे सीहोर येथील ज्योतिषशास्त्री सुबाजी बापू होत, असे संशोधक मानतात. त्यांचे म्हणणे सौम्य होते. ईश्वराने अधिकारभेदानुसार निरनिराळ्या लोकांना निरनिराळे मार्ग दिले आहेत. ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे.

दुसरे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे. त्यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ बुंदेलखंडात झाला आणि त्यांचे अध्ययन काशीस झाले. विशीच्या उंबरठ्यावर, १८४४-४५च्या सुमारास, त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. शतकानंतर, १९५१ साली, सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादिलेला हा ग्रंथ उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेने प्रसिद्ध केला. नीळकंठशास्त्र्यांचा घाव वर्मी बसणारा होता. मर्यादित पापास अमर्याद दंड देणारा ईश्वर न्यायी कसा? मग दयाळू तरी कसा? म्यूर यांची व्यापकतेची कसोटी त्यांच्याच मतावर उलटावी, असा हा आक्षेप होता.

पुढे खंडनासाठी हाती घेतलेल्या शास्त्रानेच नीळकंठशास्त्र्यांना जिंकले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यांनी नहेम्या हे नाव घेतले. परंतु जुना प्रश्न त्यांच्या मनातून पुसला गेला नाही. १८६८ साली त्यांनी सार्वकालिक दंडाच्या सिद्धांताचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. ज्या शंकांना त्यांनी तीत उत्तरे दिली, त्या एके काळी त्यांच्या स्वतःच्याच होत्या. त्याच गोऱ्ह्यांनी असेही प्रतिपादिले की अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता व क्षमा यांची शिकवण देऊन परमेश्वराने हिंदू लोकांस ख्रिस्तासाठी सिद्ध केले होते. दंडाचे गांभीर्य त्यांनी सोडले नाही, आणि पूर्वजांच्या भक्तीत देवाचा हात होता हेही नाकारले नाही.

हाच वाद चाळीस वर्षांनी अहमदनगरच्या मिशनरीवर बेतला. मुंबईत जन्मलेले डॉ. रॉबर्ट ह्यूम रजेवर अमेरिकेत असता, १८८६ साली, अँडोव्हरच्या पाठशाळेतील ईश्वरविज्ञानाविषयी अनुकूल बोलले. ज्यांस या जन्मी शुभवर्तमान ऐकावयास मिळाले नाही त्यांस मरणोत्तर संधी मिळू शकेल, असे तेथील अध्यापकांचे अनुमान होते. अशी आशा बाळगल्यास मिशनकार्याचा कणाच मोडेल, अशी विरोधकांची भीती. ह्यूम यांस परत पाठवावे की नाही, यावर अमेरिकन बोर्डात मोठा खल झाला. अखेर १८८७ साली ते परतले. त्यानंतर त्यांनी दीर्घकाळ अहमदनगरात सेवा केली आणि दुष्काळात कष्ट उपसले. नारायण वामन टिळक तेथे आले, ते ह्यूम यांच्याच कार्यकाळात. कणा मोडला नाही.

मंडळीच्या प्राचीन इतिहासातही दोन्ही स्वर आहेत. दुसऱ्या शतकात युस्तिन हुतात्म्याने ख्रिस्तपूर्व सत्यनिष्ठांमध्ये देवाच्या शब्दाचे कार्य ओळखले. तिसऱ्या शतकात कुप्रियानाने मंडळीबाहेर तारण नाही असे बजावले. पण त्याचा रोख प्रामुख्याने मंडळीत फूट पाडणाऱ्यांवर होता, न ऐकलेल्यांवर नव्हे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की स्वतःच्या दोषावाचून ज्यांस ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे देवाचा मनापासून शोध घेतात, त्यांसही तारण मिळू शकते.

या इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो. तारणारा कोण, हा एक प्रश्न. त्याने किती जणांस तारले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आम्हांस सोपविले आहे (प्रेषितांची कृत्ये ४:१२). दुसऱ्याची वही आमच्या हाती दिलेली नाही. सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे (१ तीमथ्य २:४) आणि नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणातील साक्ष तो जाणतो (रोम २:१४-१६). तेव्हा कोणी आपल्या आजोबांची गती विचारील, तर उपदेशकाने त्यांना नरकातही लोटू नये व स्वर्गाची खोटी हमीही देऊ नये. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील, या अब्राहामाच्या भरवशाने (उत्पत्ति १८:२५) त्यांना देवाच्या हाती सोपवावे. मग विचारणाऱ्याला, प्रभूने केले तसे, त्याच्यासमोर उघड्या असलेल्या दाराकडे वळवावे. पूर्वजांची भीती घालून नव्हे, तर ख्रिस्ताची प्रीती सांगून.