बुरुजावरच्या बायका
झाशी, मार्च-एप्रिल १८५८

हल्ल्याच्या तेरा दिवस आधी
२१ मार्च १८५८, रविवार. पाडवा होऊन आठवडाही झालेला नाही. मेजर जनरल सर ह्यू रोज झाशीपुढे येऊन ठाकला. त्याची फौज बहुतेक मुंबई इलाख्याची. बॉम्बे सॅपर्स, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, शिवाय हैदराबाद कंटिंजंट. म्हणजे झाशीच्या मराठी राणीवर, लक्ष्मीबाईवर, चालून आलेलं सैन्यही आपल्याच मुलखातून गेलेलं. ही गोष्ट आपल्या पोवाड्यांत फारशी येत नाही.

गावाभोवतीची झाडं, चारा, आडोसा राणीने आधीच जाळून टाकला होता. इंग्रजांची जनावरं उपाशी मरायची, पण शिंदे आणि ओरछा यांच्याकडून त्यांना रसद पोचली. गावकुसाचा तट साडेचार मैलांचा. आत, रोजच्या अंदाजाने, दहा हजार बुंदेले आणि विलायती (म्हणजे अफगाण, पठाण), दीड हजार शिपाई. या अंदाजात बायका धरलेल्या नाहीत. त्या नंतर दिसल्या.

नऊ दिवस आधी
२५ मार्च. ब्रिगेडियर स्ट्युअर्टची पहिली ब्रिगेड येऊन मिळाली आणि उजव्या बाजूच्या तोफा सुरू झाल्या. दिवसभर तटावर गोळे, रात्री गावात कुलपी गोळे.

या दिवसांबद्दल रोजने आपल्या खलित्यात जे लिहिलं, ते त्याच्या सैनिकी नजरेचं आहे. गावकरी तोफा ज्या रीतीने चालवत होते, पडलेला भाग पुन्हा उभा करत होते, बंद पाडलेला मोर्चा पुन्हा सुरू करत होते, त्याचं त्याने कौतुक केलं. आणि लागलीच नोंदवलं की मोर्च्यांवर बायका काम करताना, दारूगोळा वाहताना दिसतात. शत्रूने दुर्बिणीतून पाहून लिहिलेलं हे वाक्य मला कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोलाचं वाटतं. त्याला कोणाची आरती करायची नव्हती. पुढे कोणती अडचण आहे एवढंच तो वरिष्ठांना कळवत होता.

वेढ्यात तलवार कमी आणि ओझं जास्त. तोफेला दर खेपेस दारू लागते, गोळा लागतो, तापलेली नळी थंड करायला पाणी लागतं. पडलेल्या भिंतीला माती, दगड, लाकूड लागतं. ते डोक्यावरून, हातोहात, उन्हात बुरुजापर्यंत चढवावं लागतं. राणी स्वतः घोड्यावर बसणारी, व्यायाम करणारी. तिशी तिने ओलांडली नव्हती. तिच्याभोवतीच्या मुंदर, काशी, सुंदर यांची नावं परंपरेने जपली. तटावर टोपल्या चढवणाऱ्यांची नावं कोणीच लिहून ठेवली नाहीत.

चार दिवस आधी
३० मार्चच्या सुमारास वाड्याच्या आवारातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यावर गोळा पडला. तीस पुरुष आणि आठ बायका गेल्या, असा आकडा मराठी वृत्तांतांत येतो. त्या आठ जणी घरात लपलेल्या असताना मेल्या नाहीत. त्या कामावर होत्या. आज अशा ठिकाणी काम करणाऱ्या मुलीला हुद्दा आणि पगार असेल.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा गावातच होते. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून घर सोडलेला हा भिक्षुक वेढ्यात अडकला. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये रणनीती कमी आणि पाणी जास्त आहे: पाणी भरायला गेलेली माणसं गोळ्याने पडली, तास न् तास आंघोळी आणि स्वयंपाक अडले. वेढा म्हणजे काय, हे त्या पानांवर नीट कळतं.

एव्हाना तटाला खिंडार पडलं होतं. रात्री आतल्यांनी ते लाकडाच्या मेढेकोटाने बुजवलं. इंग्रजांनी लालभडक तापवलेले गोळे टाकून तो जाळला.

अठ्ठावन्न तास
३१ मार्च, दिवेलागण. बेटवेच्या बाजूला प्रचंड आगटी पेटली. तात्या टोपे मदतीला आले! वीस हजारांवर फौज. किल्ल्यातून तोफांच्या सलाम्या झडल्या, तटावरून आरोळ्या उठल्या. अकरा दिवसांत आशेला जागा अशी ही एकच रात्र.

अठ्ठेचाळीस तास
१ एप्रिल, पहाट. रोजने वेढा न उठवता जेमतेम दीड हजार माणसं बाजूला काढली आणि तात्यांवर गेला. तात्यांची पहिली फळी फुटली. दुसरी जंगल पेटवून नदीकडे हटली. सुमारे दीड हजार माणसं आणि तोफा गमावून सगळं संध्याकाळपर्यंत संपलं.

त्या दिवशी झाशीतून कोणी बाहेर पडून रोजच्या पाठीवर का गेलं नाही, हा प्रश्न इतिहासकार दीडशे वर्षं विचारतायत. मला तो जरा आरामखुर्चीतला वाटतो. वेढा घालणारी फौज जागेवर होती, तिच्या तोफा बंद नव्हत्या. तरी एवढं खरं, की त्या दिवसानंतर झाशीकडे वाट बघण्यासारखं काही उरलं नाही.

चोवीस तास
२ एप्रिल. ख्रिस्ती पंचांगात गुड फ्रायडे. रोजने हल्ल्याचे हुकूम काढले: डावी तुकडी खिंडारातून, उजवी शिड्यांवरून, आणि पश्चिमेला मेजर गॉल नुसती हूल देणार.

दीड तास
३ एप्रिल, पहाटे तीनचा सुमार. चैत्री पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, त्यामुळे चांदणं लख्ख. हल्ल्याच्या तुकड्यांना ते नकोसं होतं. शिड्या खांद्यावर घेऊन माणसं जमिनीला चिकटून पडली होती.

शून्य
उजाडता उजाडता पश्चिमेला गॉलच्या तोफा वाजल्या आणि शिड्या धावल्या. काही आखूड निघाल्या, काही ओझ्याने मोडल्या. वरून बंदुका, दगड, दारूची मडकी, हाताला येईल ते खाली येत होतं. बॉम्बे इंजिनिअर्सचे लेफ्टनंट डिक आणि मिकलजॉन तटावर चढले आणि तिथेच मारले गेले. बोनस नावाच्या तिसऱ्याला दगडाने खाली पाडलं. बॉम्बे सॅपर्सचं ठाणं आज खडकीला आहे, त्यांच्या इतिहासात ही शिडी आहे. वरून दगड लोटणारे हात कोणाचे होते, हे त्या इतिहासाला ठाऊक असायचं कारण नाही. नऊ दिवस बुरुजावर काम कोण करत होतं, दारूगोळा कोण वाहत होतं, ते मात्र रोजने लिहून ठेवलेलं आहे.

शिड्यांवर तट टिकला. खिंडारात टिकला नाही. डावी तुकडी आत घुसली आणि शिड्यांपुढच्या लढणाऱ्यांवर कुशीतून आली. सूर्य वर येईपर्यंत तट गेला.

अधिक काही तास
आता लढाई गल्लीत. वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर किल्ल्यातून मारा चालू, तरी इंग्रज घराघरातून पुढे सरकले. वाड्यात खोलीखोलीत झुंज झाली. तबेल्यात राणीच्या अंगरक्षकांतले चाळीसेक जण जळत्या छपराखालीही हटले नाहीत. वाड्यात इंग्रजांना एक ब्रिटिश निशाण मिळालं, गव्हर्नर जनरल बेंटिंकने पूर्वी झाशीच्या राजाला निष्ठेबद्दल दिलेलं. तेच त्यांनी वाड्यावर चढवलं.

विष्णुभट सांगतात की बाईसाहेब विलायत्यांना घेऊन किल्ल्यातून खाली उतरल्या, समोरासमोर भिडल्या, आणि एका म्हाताऱ्या सरदाराने त्यांना हाताला धरून मागे वळवलं. वर आल्यावर गाव जळताना दिसलं. वाड्यात दारू भरून स्वतःला उडवून द्यायचा विचार त्यांनी बोलून दाखवला. म्हाताऱ्यानेच तो मोडून काढला: रात्री निघा, पेशव्यांना मिळा.

अधिक चाळीस तास
४ एप्रिलची रात्र, ईस्टरचा रविवार. राणी पठाणी वेषात, दत्तक मुलगा दामोदर पाठीशी बांधून, भांडेर दरवाजाने बाहेर पडली. पाठलाग झाला, पण ती काल्पीला पोचली. सेनापती म्हणून हा निर्णय बरोबरच होता, त्यामुळे तिची लढाई आणखी अडीच महिने चालली. त्या रात्री राणीचा वेष घालून शत्रूला गुंतवून ठेवणाऱ्या झलकारीची कथा बुंदेलखंडातल्या कोरी समाजाच्या तोंडी टिकली. डाकखात्याने २००१ मध्ये तिचं तिकीट काढलं. इंग्रजी खलित्यांत तिला मी शोधत बसणार नाही. मोर्च्यांवर दिसलेल्या बायकांची नावं त्यांत नाहीत.

जे मागे राहिले, त्यांच्यावर विजन आलं. हा विष्णुभटांचा शब्द, अर्थ सरसकट कत्तल. सापडेल त्या पुरुषाला मारत गोरे गल्ल्यांतून फिरले. घरच्या बायकापोरांना विहिरीत लोटून पुरुषांनी मागोमाग उड्या घेतल्या, हे इंग्रजांनीच लिहिलंय. गोडसेभटजी लपून राहिले आणि लूट मोजत बसले: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, शेवटी धान्य आणि अंथरुणंसुद्धा.

६ एप्रिलपर्यंत तुरळक झुंज चालली. झाशीत पाच हजार माणसं मेली, हा इंग्रजांकडचाच अंदाज. त्यांचं स्वतःचं नुकसान साडेतीनशेच्या आतलं, अधिकाऱ्यांच्या नावानिशी नोंदलेलं. पाच हजारांत बायका किती, मोर्च्यावरच्या किती आणि विहिरीतल्या किती, असे रकाने कोणी पाडले नाहीत. राणीचे वडील मोरोपंत तांबे दतियात पकडले गेले, त्यांना फाशी दिलं. २५ एप्रिलला रोज काल्पीच्या वाटेला लागला.