बागेतल्या नोकरीचा भाव

अमेरिकेत ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या विषयात चार वर्षांची पदवी घेता येते. उद्यानं, क्रीडांगणं आणि सार्वजनिक मनोरंजन केंद्रं चालवण्याचं हे शिक्षण. शिक्षणकर्ज काढून ती घ्यावी का, हा प्रश्न आला की लोक पगाराचा तक्ता उघडतात. तक्ता खोटं बोलत नाही. मनोरंजन केंद्रातल्या कर्मचाऱ्याचा पगार तुटपुंजाच असतो. त्यावरून अभ्यासक्रमच हलका, असा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. या कामाकडे आधी समाजसेवा म्हणून पाहिलं गेलं, पगार नंतर आला आणि तोही मुख्यतः स्थानिक कराच्या जिवावर. पदवी तर त्याहून उशिरा आली. तोवर कामाचा भाव ठरून गेला होता.

या कामाची सुरुवातच पाहा. डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांना बर्लिनच्या बागांमध्ये मुलांना खेळायला ठेवलेले वाळूचे ढीग दिसले. त्यांच्या पत्रावरून १८८५ मध्ये बोस्टनच्या एका स्त्री-संस्थेनं पार्मेंटर स्ट्रीटवरच्या चॅपलच्या आवारात वाळू आणून टाकली. मुलं फावडी-बादल्या घेऊन खेळत आणि लक्ष ठेवायला आसपासच्या बायका फुकट उभ्या राहत. १८८७ पासून देखरेखीसाठी पगारी बायका नेमल्या गेल्या. पण जे काम काल आया विनामूल्य करत होत्या, त्याला आज किती द्यायचे, याचं उत्तर प्रत्येक काटकसरी पालिकेकडे तयार होतं. १९०६ मध्ये क्रीडांगणांसाठी राष्ट्रीय संघटना निघाली, जेन अ‍ॅडम्स आणि लूथर गुलिक यांच्यासारखी वजनदार माणसं तिच्यामागे उभी राहिली, तरी वळण बदललं नाही. १९१० ते १९३७ अशी सत्तावीस वर्षं तिचे अध्यक्ष असलेले जोसेफ ली घरचे श्रीमंत. ते पगार न घेता वर पदरचे पैसे घालत. राष्ट्रीय उद्यानांत तर हे आणखी ठळक दिसतं. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पार्क सर्व्हिसचे पहिले संचालक स्टीफन मॅदर बोरॅक्सच्या धंद्यात कोट्यधीश झालेले. सरकारी पगार पुरत नाही म्हणून ते सहकारी होरेस ऑलब्राइट यांना खिशातून भर घालत. उदारपणा निर्विवाद, पण त्या पदरमोडीमुळे सरकारला खरा खर्च कळलाच नाही. रेंजरला अर्धा पगार सूर्यास्तात मिळतो, ही तिथली जुनी थट्टा याच मातीतली.

शिक्षण आलं ते या पायावर. १९२६ मध्ये राष्ट्रीय संघटनेनं पदवीधरांसाठी एक वर्षाची प्रशिक्षणशाळा काढली; पण १९३५ नंतर मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेनं बेकारांनाच क्रीडांगणांवर कामाला लावलं आणि प्रशिक्षणाशिवायही हे काम भागतं, असा समज पक्का झाला. विद्यापीठांत खरी भरभराट झाली ती साठच्या दशकात. १९६५ पासून केंद्राच्या जमीन व जल संवर्धन निधीतून राज्यांना आणि गावांना जागा घेण्यासाठी, बागा उभारण्यासाठी अनुदान मिळू लागलं. देखभाल आणि पगार मात्र त्यात बसत नव्हते. बाग दिल्लीच्या पैशानं आणि माळी ग्रामपंचायतीच्या, असाच हा प्रकार. मग जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं, मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला आणि त्या कराचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घसरलं. अग्निशमन आणि पोलिस यांच्यापुढे उद्यान विभागाची बाजू लंगडी पडणारच होती.

यावर कोणी म्हणेल, शिक्षिका आणि परिचारिका यांची कामंही सेवा म्हणूनच सुरू झाली, मग त्यांचे पगार कसे सुधारले? त्यांच्या कामाभोवती परवान्याचं कुंपण पडलं. उद्यानांच्या जगातही ज्यांनी ते घातलं, त्या बागा आखणाऱ्यांचं भलं झालं. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडकडे पदवी नव्हती. १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्ससह त्यानं सेंट्रल पार्कच्या आराखड्याचं दोन हजार डॉलरचं बक्षीस मिळवलं, ते शेती आणि पत्रकारी करून झाल्यावर. पण त्याच्या वारसांनी १८९९ मध्ये संघटना काढली, १९०० मध्ये हार्वर्डनं अभ्यासक्रम सुरू केला, १९५३ मध्ये कॅलिफोर्नियानं लँडस्केप आर्किटेक्टच्या व्यवसायावर नियमन आणलं. शिवाय त्यांना खासगी गिऱ्हाईक होतं. बाग आखणारा वर गेला आणि बाग चालवणारा, जिथे इतिहासाचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधरही चालतो, तिथेच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकारी नोकरीत निवृत्तिवेतन आणि आरोग्य विमा मिळतो, तो नुसत्या पगाराच्या तक्त्यात दिसत नाही. कायम नोकरीपुरतं हे खरं. पण राष्ट्रीय उद्यानांतला हंगामी रेंजर वर्षाला १,०४० तासांच्या आतच ठेवला जातो, म्हणजे जेमतेम सहा महिने, आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब त्याच्यासाठी सुरूच होत नाही. उलट याच शाखेतून निघालेल्या, खेळ-छंदांतून उपचार करणाऱ्या रिक्रिएशन थेरपीकडे पाहावं. युटा राज्यानं १९७५ मध्ये तिला परवाना लावला, १९८१ मध्ये राष्ट्रीय प्रमाणपत्र मंडळ आलं, आणि पगार रुग्णालयं देतात. तेच खेळ, तीच हस्तकला, अनेकदा तोच विद्यापीठ विभाग. पगार मात्र क्रीडांगणावरच्या सहाध्यायापेक्षा बराच जास्त.