टॉवेल कोणाचा, बचत कोणाची?

हॉटेलाच्या न्हाणीघरातली ती छोटी पाटी तुम्ही पाहिलीच असेल. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर ठेवा, पृथ्वी वाचवा. आम्ही वर्षानुवर्षं इमानेइतबारे दांडीवर ठेवत आलो. एकदा थंड हवेच्या एका ठिकाणी उतरलो होतो. दोन्ही दिवस संध्याकाळी येऊन बघतो तो दांडीवर नवा कोरा टॉवेल! खोली आवरणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, पाटी साहेबांनी लावली. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही." आजचा विषय तिथून सुरू झाला, असं समजा.

हॉटेलातली काटकसर आपल्याकडे पाटीतून आलेली नाही, टंचाईतून आली. 1965 साली धान्य कमी, त्यात युद्ध. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, आणि अनेक हॉटेलांच्या चुली सोमवारी संध्याकाळी पेटेनाशा झाल्या. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट एकच. गिऱ्हाईक उपाशी राहिलं तसा मालकाचा गल्लाही रिकामा राहिला. झळ दोघांना होती.

पुढे 1973 चा तेलाचा भडका उडाला. काही महिन्यांत पिंपामागे तीन डॉलरचं तेल बारा डॉलरच्या घरात गेलं. मोठं हॉटेल म्हणजे चोवीस तास गरम पाणी, धुलाईखाना, बंद काचा आणि वातानुकूलन. स्वस्त इंधन गृहीत धरूनच ते बांधलेलं असतं. आता बचत हा हिशेबाचा मामला झाला. त्यात गैर काही नाही. पण हिशेबाची गोष्ट हिशेबाच्या भाषेत बोलायला मालकांना संकोच वाटू लागला.

1983 मध्ये जे वेस्टरवेल्ड नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी फिजी बेटांवर गेला होता. तिथल्या एका रिसॉर्टात त्याने टॉवेलची अशीच पाटी पाहिली. समुद्र आणि प्रवाळ जपायला मदत करा, असा तिचा सूर. आणि तेच रिसॉर्ट तेव्हा नवे बंगले बांधून पसरत होतं! 1986 मध्ये त्याने एका निबंधात यासाठी शब्द वापरला, ग्रीनवॉशिंग. मराठीत तर हे फारच सोपं आहे. चुना लावणे म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको; हा फक्त हिरवा चुना.

आता कान्टचा दुकानदार आठवा. तो लहान मुलालाही वाजवी भावाने माल देतो, कारण तसं केल्याने दुकान चालतं. कान्ट म्हणतो, कृती कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीतून आलेली नाही. आम्ही वर्गात हे अनेक वर्षं शिकवलं आणि प्रत्येक वर्षी कुणीतरी विचारायचंच, "पण सर, मुलाला माल तर नीट मिळाला ना?" बरोबर आहे. हॉटेलमालकाने धुलाईचं बिल वाचवण्यासाठी पाणी वाचवलं, तरी पाणी वाचतंच. आमचं भांडण हेतूशी नाही. बचत त्याची आणि त्याग पाहुण्याचा, या वाटणीशी आहे.

पाहुण्यालाही हे कळतं. रॉबर्ट सिअल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉटेलांत टॉवेलच्या पाट्यांचेच प्रयोग केले. 2011 मध्ये छापलेल्या त्यांच्या एका निबंधात दोन तऱ्हा आहेत. एक, तुम्ही साथ दिलीत तर आम्ही पर्यावरणसंस्थेला देणगी देऊ. दुसरी, देणगी आम्ही आधीच दिली आहे, आता तुमची साथ हवी. दुसरी जास्त चालली. मालकाने आधी खिशात हात घातला की माणूस टॉवेल दांडीवर ठेवतो.

आपल्याकडे 1997 मध्ये विठ्ठल कामतांनी मुंबईत विमानतळाजवळ ऑर्किड उभं केलं. पर्यावरणस्नेही पंचतारांकित हॉटेल म्हणून ते गाजलं. तिथे खोलीत एक हिरवं बटण होतं. दाबलं की वातानुकूलनाचं तापमान थोडं वर चढायचं. कल्पना छान, पण दाबायचं पाहुण्यानेच. 1 जानेवारी 2020 पासून मात्र नव्या एसीचं मूळ तापमान 24 अंश ठेवणं सक्तीचं झालं. एक अंश वाढवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं सरकारी गणित आहे. हवं तर पाहुण्याने खाली आणावं. कुणाच्या सद्गुणाची वाट पाहायची गरज नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे थोडं बोचतं, हेही सांगून टाकतो.

अन्नाचं तेच. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा-उत्पादक ठरवलं. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, ही जबाबदारी त्यांची. आता बुफेकडे या. पानात टाकू नका, अशी पाटी आपल्यासमोर असते. आणि साडेदहाला नाश्ता बंद होणार असतो, तरी सव्वादहाला पोह्यांचं भांडं पुन्हा काठोकाठ भरलं जातं, कारण रिकामं भांडं दिसलं तर हॉटेलाची शोभा जाते. पंधरा मिनिटांनी ते पोहे कुठे जातात, हे आम्ही त्याच हॉटेलात विचारलं होतं. व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "सर, आपण चहा घेतला का?"